दगडाखालची चकती

१२ ऑगस्ट

धाकट्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र थेट केराच्या टोपलीत टाकणार होतास, माहीत आहे मला. पण तुझ्या बायकोने ते आधी तुझ्या हातात ठेवलं असणार, कारण तिला उत्सुकता आवरत नाही. तर वाच आता. मी मेलेले नाही, आजारी नाही, आणि तुझ्याकडे काही मागायलाही लिहीत नाहीये.

एक गंमत कळवायची होती. माझे गुडघे धरलेत. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. मी म्हटलं, नुसतं कशाला चालायचं, मी काय रखवालदार आहे? तेव्हा लेकीने एक मेटल डिटेक्टर आणून दिला. लांब दांडा, खाली ताटाएवढी थाळी, कानाला हेडफोन. थाळी जमिनीवरून झाडू मारल्यासारखी फिरवत जायचं. खाली लोखंड असलं तर यंत्र गुरगुरतं, तांबं-पितळ असलं तर बारीक आवाजात गातं. आता रोज सकाळी सुतारकामाला हात लावायच्या आधी मी रानात फेरी मारते. माझ्या रानात, म्हणजे वरच्या. खालचं तुझं, ते मला कुणी वेगळं सांगायला नको.

आतापर्यंत मिळाली ती बाटल्यांची बुचं, एक घोड्याचा नाल आणि बाबांची लाकूड तासायची पटाशी! तीच, जिच्यासाठी घर डोक्यावर घेतलं होतं. बाबांनी शेवटी तुलाच समोर उभं केलं, "धाकट्या, खिसा दाखव." त्यांचंही बरोबरच होतं. लंपास केलेली वस्तू तू कधी पलंगाखाली नाही ठेवलीस, की कपाटात नाही. कायम खिशात. तुझा कपाटावरसुद्धा विश्वास नव्हता. त्या दिवशी खिसा रिकामा निघाला आणि तू रडून नुसता गोंधळ घातलास. तर तेवढ्या एका चोरीतून मी तुला आज निर्दोष सोडते आहे. बाकीच्यांचं नंतर बघू.

खरी गंमत पुढेच आहे. मागच्या वादळात वरच्या कोपऱ्यावरचं जुनं झाड मुळासकट कोसळलं आणि त्याच्याबरोबर हद्दीचा दगडही आडवा झाला. मी सहज त्या खड्ड्यावरून थाळी फिरवली, तर यंत्र असं गायला लागलं की मी हेडफोनच काढला. हातभर खणलं. आत तांब्याची चकती, हिरवीगार, तळहातात मावेल एवढी. घरी आणली, लिंबू-मीठ लावून लख्ख घासली. तिच्यावर मुकुट आहे, खाली बाण आहे आणि एक आकडा आहे. गोऱ्या साहेबांच्या राज्यातली आहे, धाकट्या. आपल्या आजोबांच्याही आधीची.

तुला लहानपणी चकाकणाऱ्या वस्तूंचं वेड होतं, म्हणून म्हटलं कळवावं. बायकोला विचारलं म्हणून सांग.

— ताई


२९ ऑगस्ट

धाकट्या,

इतक्या वर्षांनी तुझं उत्तर आलं. दोन ओळी. "छान छंद आहे. चकती एखाद्या संग्रहालयाला देऊन टाक." बघा, काय ही घाई! माझी वस्तू मी कुणाला द्यावी हे ठरवण्याची तुझी सवय काही जात नाही.

संग्रहालयात नाही, मी ती मोजणी कार्यालयात नेली. तिथले साहेब म्हणजे एक नमुनाच आहेत. तोंडात सदा पेपरमिंट, आणि बोलताना समोरच्याकडे न बघता खिडकीकडे बघतात. चकती बघितली आणि माझ्यावर असे भडकले की पेपरमिंट गिळलं. "बाई, ही उचललीत कशाला? आणि वर घासलीत?" मी म्हटलं, सापडलेली वस्तू उचलायची नाही तर काय तिची दृष्ट काढायची?

मग त्यांनी सांगितलं. गोऱ्या साहेबांनी इथली जमीन पहिल्यांदा मोजली तेव्हा त्यांचा कुणावरही विश्वास नव्हता. जमीनदारावर नाही, शेजाऱ्यावर नाही, स्वतःच्या माणसांवरही नाही. म्हणून जमिनीच्या वर दगड रोवला तो लोकांना दाखवायला, आणि त्याच्या बरोबर खाली खोलवर एक चकती पुरली ती स्वतःसाठी. उद्या कुणी दगड हलवला तरी चकती जागेवरच राहणार. पण ती जागेवर आहे तोवरच साक्ष देते. एकदा उचलली की तांब्याचा तुकडा, बाजारात विका नाहीतर गळ्यात घाला. माझ्या हातून त्या कोपऱ्याची साक्ष मुकी झाली. हळहळले मी, पण वरच्या कोपऱ्यावरून आपलं भांडण कुठे आहे?

आपलं भांडण मधल्या दगडावरून आहे.

तू विसरला असशील, तर आठवण करून देते. बाबांनी वरचं रान मला दिलं, खालचं तुला. मधल्या दगडापाशी हद्द वळते आणि ते वळण धरून झऱ्याकाठचं मोकळं मैदान माझ्या वाट्याला येत होतं. मैदान आणि त्यातली बाबांची कार्यशाळा. तिथे मी करवत धरायला शिकले. तू शिकला नाहीस, तुला भुशाने शिंका यायच्या. मग माझा नवरा आजारी पडला आणि मी त्याच्या उशाशी इस्पितळात बसून राहिले. त्याला पोचवून परत आले तर मधला दगड मैदानाच्या वर, माझ्या दाराजवळ येऊन उभा होता. मैदानाला तुझं कुंपण होतं. कार्यशाळा जमीनदोस्त. आज जिथे तुझ्या अतिथीगृहाचं जेवणघर आहे ना, तिथे.

मी काकांना बोलावलं, आत्याला बोलावलं. तुझ्याच ओसरीवर सगळे जमले. मी म्हटलं, याने दगड हलवलाय. तेव्हा तू हसून काय म्हणालास? "ताई, दगडाला पाय फुटले का गं? चालत आला का तो?" सगळे खो-खो हसले. आत्या तर डोळे पुसत होती. नवरा गेल्यापासून हिच्या डोक्यावर परिणाम झालाय, हे काकांनी हळू आवाजात म्हटलं, पण मला ऐकू येईल इतपतच हळू. त्या दिवसापासून सगळ्या नात्यात माझं नाव "दगडी ताई" पडलं. माझ्या लेकीच्या लग्नातही मागच्या रांगेतून तेच ऐकू आलं. जमीन गेली ते दुःख आहेच रे, पण तू मला खोटं पाडलंस आणि वर वेडी ठरवलंस. त्याची आग अजून विझलेली नाही आणि ती विझावी असं मला वाटतही नाही.

तर परवा मी माझ्या दाराजवळच्या त्या दगडाभोवती थाळी फिरवली. यंत्र गप्प. मग बाजूने खणत थेट त्याच्या खाली हात घातला. चकती नाही. सापडलं काय, तर सोड्याच्या बाटलीचं बूच, प्लास्टिकच्या अस्तराचं. गोऱ्या साहेबांच्या काळी असली बुचं मिळत असतील, तर मी माझे शब्द मागे घेते.

आणि खालच्या कोपऱ्यावर, ओढ्याकाठी? तिथे यंत्र गातं. मी हात लावलेला नाही. आता शहाणी झालेय.

अजून एक. तुझ्या मागच्या घळीत राडारोडा टाकलाय ना, तिथेही फिरून आले. यंत्र इतकं गुरगुरलं, की मी खणतच गेले. बाबांच्या लेथचं, त्या लाकूड कातायच्या यंत्राचं, चाक सापडलं, ते पायाने फिरवायचा पायटा सापडला. "लेथ गोदामात नीट ठेवलाय, ताई" असं तू मला माझ्या नवऱ्याच्या तेराव्या दिवशी सांगितलं होतंस. चाक वाकलंय. मी तिथेच चिखलात बसून रडले, आणि मग तुला अशा अशा शिव्या दिल्या की बाबा असते तर माझंच थोबाड फोडलं असतं.

— तुझी ताई. दगडी.


१५ सप्टेंबर

धाकट्या,

या वेळी तू लिहिलं नाहीस, बायकोकडून लिहवून घेतलंस. "ताई, झालं गेलं विसरून जा, यांना हल्ली झोप लागत नाही." तिला सांग, रोज चालायचं. मला लागते.

तिच्यावर माझा राग नाही. तिने निदान "तुमचा गैरसमज झालाय" असं लिहिलेलं नाही, आणि तिने ते का लिहिलं नाही हे मला नीट समजलंय.

आता उघड उघड सांगते. चोरून काही करणं मला जमत नाही, तो तुझा प्रांत. मोजणी कार्यालयातला जुना नकाशा नेमका मधल्या दगडापाशी घडीवर फाटलाय, तेवढा तुकडा उंदरांनी खाल्ला. म्हणजे मूळचा मधला दगड कुठे होता, ते कागद सांगू शकत नाही. चकतीच सांगेल. ती अजून तिथेच असणार. ज्याने दगड हलवला त्याने वरचा दगड हलवला, खाली काय आहे हे त्या बिचाऱ्याला कुठून माहीत असणार?

मी मोजणीसाठी रीतसर अर्ज केलाय. साहेब माझ्याबरोबर सहा ऑक्टोबरला येतील. तुझ्या लग्नाचा वाढदिवस, माहीत आहे. काका, आत्या सगळे जेवायला तुझ्याकडे असतात, म्हणूनच ती तारीख मागितली. ज्यांच्यासमोर हसू झालं त्यांच्यासमोरच मोजणी होऊ दे. माझं यंत्र आहेच, शिवाय जमिनीखाली खूप खोलवरचं दाखवणारं एक मोठं यंत्र साहेब आणणार आहेत. तुझ्या जेवणघराच्या फळ्या-बिळ्या त्याला आडव्या येत नाहीत म्हणे.

चकती जागेवर सापडली तर तू संपलास. नाही सापडली तर मी तुझ्या ओसरीवर सगळ्यांची माफी मागेन आणि पुन्हा दगडाचं नाव काढणार नाही. हे मी लिहून देतेय, जपून ठेव.

— ताई


२८ सप्टेंबर

धाकट्या,

आज दुपारभर तुझ्या जेवणघरातून ठोकाठोक ऐकू येत होती. खिळे उपटल्याचा, फळी उचकटल्याचा आवाज मला बरोबर कळतो. काही दुरुस्ती काढलीस का? घरात सुतार असताना स्वतः कशाला हात खराब करून घेतोस? हाक मारायचीस.

— ताई


९ ऑक्टोबर

धाकट्या,

सहा तारखेला तू तिथेच होतास. पण तू पूर्ण वेळ स्वतःच्या बुटांकडे बघत होतास, त्यामुळे बरंच काही तुझ्या नजरेतून सुटलं. ते सगळं तुला मिळायला हवं, म्हणून हे पत्र.

मी आणि साहेब आत आलो तेव्हा तू किती खुशीत होतास! "या या, ताई, खजिना शोधायला या!" काकांनी रुमालाआड हसू दाबलं. आत्या म्हणाली, "बस बाई, आधी सूप तरी घे." तू साहेबांना विचारलंस, मोठं यंत्र कुठे आहे? साहेब खिडकीकडे बघत म्हणाले, कसलं मोठं यंत्र? तिथेच तुझ्या चेहऱ्यावरचा रंग जरासा उतरला. नाही आहे रे असलं काही मोठं यंत्र. निदान मोजणी कार्यालयाकडे तरी नाही. त्यांच्याकडे धड छत्रीसुद्धा नाही.

मग मी माझं यंत्र चालू केलं. आता खरं सांगते, जे मागच्या पत्रात लपवलं होतं. ऑगस्टअखेर मी तुझ्याच अतिथीगृहात एक रात्र राहून गेले. खोली लेकीच्या मैत्रिणीच्या नावावर, डोक्याला मोठा रुमाल, नाकावर काळा चष्मा. तुझ्या नव्या स्वागतिकेने मला आजी म्हटलं. दुपारी जेवणघर रिकामं होतं तेव्हा सगळ्या जमिनीवरून थाळी फिरवली. काही उपयोग नाही. हजारो खिळे, नळ, खुर्च्यांचे पाय, यंत्र नुसतं चवताळल्यासारखं गुरगुरत राहिलं. त्या गुरगुरण्यातून चकती शोधणं मला सात जन्मांत जमलं नसतं. मैदानाचा तू चेहरामोहराच बदलून टाकलास. मूळचा दगड कुठे होता, हे या जगात एकाच माणसाला माहीत होतं. मग मी त्या माणसाला पत्रं लिहिली.

हो, धाकट्या. त्याचसाठी लिहिली. काय समजलास, माझं प्रेम उतू चाललं होतं?

चकती उचलली की साक्ष मुकी होते, हे वाचून तुझा जीव भांड्यात पडला असणार. तू उचललीस. अख्ख्या जेवणघरात फक्त एका ठिकाणी फळ्या निघाल्या, खिडकीजवळच्या टेबलाखाली. इकडेतिकडे चाचपणी नाही, दुसरा खड्डा नाही. जुन्या फळ्यांत चकचकीत नवे खिळे! अरे, निदान त्यांना काळं तरी फासायचंस. सुताराचा मुलगा ना तू?

पण मी लगेच काही बोलले नाही. मी थाळी फिरवत राहिले आणि यंत्र गुरगुरत राहिलं. तू म्हणालास, "ताई, खिळ्यांचा खजिना मिळाला वाटतं!" सगळे हसले. त्या हसण्यावर खूश होऊन तू खिडकीजवळच्या गालिच्यावर कमरेवर हात ठेवून उभा राहिलास, आणि मी थाळी जरा उचलून तुझ्याजवळ आणली तसं यंत्र गायला लागलं.

मी हेडफोन काढून टाकला होता, म्हणजे सगळ्यांना ऐकू जावं. मी म्हटलं, धाकट्या, जरा बाजूला हो बघू. तू बाजूला झालास आणि आवाज तुझ्याबरोबर बाजूला झाला. तू खिडकीकडे गेलास, आवाज खिडकीकडे. तू दाराकडे, आवाज दाराकडे. आत्या चमचा हातात धरून म्हणाली, "अगं बाई, याने गिळलीबिळली की काय!"

तेव्हा मी ते म्हटलं. ते मी म्हणायला नको होतं, ते बाबांचे शब्द होते, पण मला राहवलं नाही. "धाकट्या, खिसा दाखव."

तू पन्नाशीचा माणूस, धाकट्या. तुझे दोन्ही हात आपोआप खिशाकडे गेले, अगदी तेव्हासारखे. काकांनी ते बघितलं. काका म्हातारे झालेत, पण ते बाबांचे भाऊ आहेत. ते उठले, तुझ्यापाशी आले आणि स्वतः तुझ्या कोटाच्या खिशात हात घातला. चकती बाहेर आली. मुकुट, बाण, आकडा, हिरवीगार. लिंबू-मीठ तू लावलं नव्हतंस एवढंच.

मग तू जे ओरडलास ते तुला आठवत असेल. "मग काय झालं! आता ती जागेवर नाही! आता ती काहीच सांगत नाही!" अरे वेड्या, इतकं घडाघडा कबूल करतात का कुणी?

आणि ती सांगते. एक गोष्ट मी तुला कधीच लिहिली नाही. साहेबांनी पहिल्याच भेटीत, दुसरं पेपरमिंट तोंडात टाकून, मला ती सांगितली होती. गोरे साहेब चकती नुसती पुरत नसत. तिच्याखाली कोळशाचा आणि विटांच्या तुकड्यांचा थर घालत, कारण कोळसा कुजत नाही आणि खिशातही घालता येत नाही. वरच्या कोपऱ्यावर माझ्या मूर्खपणाने चकती गेली तरी तो काळा थर तसाच होता. तुझ्या जेवणघरातही तो तसाच आहे. फळ्या काढायची वेळ आली तेव्हा सगळे नुसते उभे होते. टेबल कुणी सरकवलं, बघितलंस? तुझ्या बायकोने. तिने टेबल ओढून बाजूला केलं आणि गालिचा गुंडाळला. मोकळी माती साहेबांनी उपसली, खाली काळंभोर. त्यांनी तिथून दोन्ही कोपऱ्यांना दोरी धरली. दोरी तुझ्या जेवणघराच्या मधोमध गेली. अर्धं जेवणघर, झऱ्याकडची खिडकी आणि पुढचं सगळं मैदान माझं.

आत्या जाताना माझ्या गळ्यात पडून रडली. मी तिला रडू दिलं, पण तिच्या पाठीवरून हात फिरवला नाही. तेवढं माझ्याकडून होणार नाही, आणि होऊ नये असंच मला वाटतं.

आता तुझ्या वकिलाचं पत्र आलंय. तू जेवणघर पाडायला तयार आहेस म्हणे, मैदान सोडायला तयार आहेस, फक्त बोभाटा नको. म्हणजे घर पाडलं की खड्डाही बुजला, आणि पाचदहा वर्षांनी पुन्हा तूच सांगत फिरणार, ताईच्या हट्टापायी माझं घर पडलं. नाही, धाकट्या. घर पाडायचं नाही. एक फळीही हलवायची नाही.

माझ्या दारात उभा असलेला तो दगड तू खाली न्यायचास. मजुरांनी नाही, तू. जसा वर आणलास तसाच. तुझ्या जेवणघराच्या मधोमध, त्या कोळशावर, चकती परत खाली ठेवून तो रोवायचा. त्या दिवशी काका, आत्या आणि तेव्हा हसलेला प्रत्येक जण तिथे जेवायला हवा. तुझ्या अर्ध्यात तू टेबलं मांड, पाहुणे बसव, सूप वाढ, माझी हरकत नाही. माझ्या अर्ध्यात मी बाबांचा लेथ बसवणार आहे. चाक सरळ केलंय, पायटा नवा केलाय, परवा चालवून बघितला. आवाज जरा जास्त होतो आणि भुसा उडतो. तुला शिंका येतील, पण ते तू सोसशील.

पाहुणे बाहेरगावचे असतात, त्यांना चौकशा फार. जेवताना कुणीतरी विचारणारच, हा एवढा मोठा दगड घरात कसा आला? तेव्हा मी लेथ थांबवेन, तू काय उत्तर देतोस ते ऐकायला.

चालत आला म्हणून सांग.

— तुझी दगडी ताई